सहा इंचांचं किट

टिल्लूला टिल्लू हे नाव शाळेच्या पहिल्याच आठवड्यात पडलं आणि केस पिकायला लागले तरी ते काही सुटलं नाही. बाकीच्या पोरांनाही नावं पडली होती, पण पोरं वाढली आणि नावं मागे राहिली. हा वाढलाच नाही, मग नाव तरी कुठे जाणार? दुकानात गेला की गल्ल्यावरचा माणूस त्याच्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाला विचारायचा, "बोला, काय देऊ?" खुर्चीवर बसला की पाय लोंबकळायचे. हे सगळं त्याने मुकाट्याने गिळलं. असं गिळणारी माणसं पुढे मनाने मऊ होतात अशी आपली एक समजूत असते. तसं काही होत नाही. ती आपली पाळी यायची वाट बघत असतात.

बायको मिळाली ती त्याच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. लग्नात फोटोग्राफरने दोघांकडे एकदा बघितलं आणि स्वतःच्या कॅमेऱ्याची पेटी आणून टिल्लूच्या पायाखाली सरकवली. फोटो गुडघ्यापर्यंतच काढला. तो अजून बाहेरच्या खोलीत टांगलेला आहे आणि त्यात नवरा-बायको अगदी शोभून दिसतात.

त्या दिवसापासून ती वाकायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण रस्त्याने बरोबर चालताना ती खांदे पाडायची, मान पुढे काढायची. चपला सपाट घालायची. गाडीत शेजारी बसली की सीटवर इतकी घसरून बसायची की दोघांची डोकी काचेतून एका रेषेत दिसावीत. टिल्लूला हे दिसत नव्हतं असं नाही. इतक्या वर्षांत "अगं, नीट बस" एवढे तीन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. निघाले असते तर त्याचं काय गेलं असतं, ते त्यालाच ठाऊक.

शेवटी व्हायचं तेच झालं. तिची पाठ धरली. आधी सकाळी उठताना, मग भांडी घासताना, मग दिवसभर. दवाखान्यातून तिला पाठीचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "इतकं वाकून का चालता हो तुम्ही?"

"सवय," ती म्हणाली. टिल्लू भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत होता.

"सवय मोडता येईल. पण दर गुरुवारी यायचं. हळूहळू मणके ऐकायला लागतील. मधे खंड पडला तर ते आहेत तिथेच आखडून बसतील, मग मीही काही करू शकणार नाही."

तर टिल्लू दर गुरुवारी तिला आपल्या पिकअपमधून तिथे न्यायला लागला. ही पिकअप म्हणजे त्याचं पोट. फर्निचरच्या दुकानातून सोफे, कपाटं, पलंग भरायचे आणि लोकांच्या दारात नेऊन उतरवायचे. व्यायामांनी फरक पडत होता. महिन्याभरात ती ओट्यापाशी हात न टेकता उभी राहायला लागली. एकदा माळ्यावरचा डबा तिने टाच न उचलता सहज काढला आणि मागे वळून हसली. टिल्लू मागे स्टूल घेऊन उभा होता. त्याने स्टूल परत जागेवर ठेवलं.

पिकअपचं एक दुखणं मात्र त्याला फार दिवस सलत होतं. गाडी रिकामी असली की तिची शेपूट वर आणि नाक खाली. कारखान्यातून अशा गाड्या तशाच येतात, कारण मागे माल पडला की शेपूट दबते आणि गाडी सपाट होते. पण टिल्लूला ती दारात मान खाली घालून उभी असलेली बघवायची नाही. एका गुरुवारी व्यायाम आटोपून परत येताना त्याने ती गॅरेजला घातली. बायको शेजारी होतीच.

गॅरेजवाला बोलायला सैल होता. त्याने गाडीभोवती फेरी मारली, पुढच्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाला, "दोन रस्ते आहेत, दादा. एक लेव्हलिंग किट. पुढच्या स्प्रिंगवर चकत्या घालायच्या, नाक दोन इंच उचलायचं, संपलं. दुसरं लिफ्ट किट. त्यात चारी बाजूंनी सहा इंच वर, शॉकअॅब्जॉर्बर नवे, टायर मोठे. दिसायला एकदम राक्षस. पुढे कोण बसतं?"

"ही बसते. पाठीचं दुखणं आहे तिला."

"मग विषयच संपला. दोन इंचांचंच घाला. सहा इंच उचलली तर वहिनींना चढायला शिडी लागेल." त्याने टिल्लूकडे वरून खाली बघितलं. तसं बघायला त्याला फार वेळ लागला नाही. "आणि तुम्हाला तर दोन लागतील."

बाकावर बसलेली गिऱ्हाइकं हसली. टिल्लूला त्याचं काहीच नव्हतं, असलं हसणं ऐकत तो म्हातारा व्हायला आला होता. पण त्यात एक हसू जवळचं होतं. बायको हसली होती. चटकन हसली आणि तोंडावर हात नेला, पण तोवर ते बाहेर पडलं होतं. संसाराच्या इतक्या वर्षांत त्याच्या उंचीवर ती कधी हसली नव्हती. आज पाठ दुखत नव्हती, सरळ उभी होती, मोकळी होती, आणि हसू आलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते टिल्लूला त्या दिवशी कळलं.

"सहाचं बसवा," तो म्हणाला.

"अहो, पण वहिनींना..."

"सहाचं."

"बरं, निदान बाजूला पायरी लावून देतो. तिचे पैसेसुद्धा नकोत."

"पायरी नको. ध्यान दिसतं."

किट दोन दिवसांनी बसणार होतं, म्हणून गाडी तशीच घेऊन दोघं घरी निघाली. रस्त्यात बायको एकदा म्हणाली, "मी मुद्दाम नाही हो हसले." टिल्लूने रेडिओ मोठा केला.

पुढच्या गुरुवारी गाडी दारात उभी राहिली तेव्हा पुढची सीट तिच्या कमरेच्याही वर होती. टिल्लू आधीच वर बसलेला होता. तिने दाराची कड धरली, एक पाय उचलला, तो अर्ध्यावर गेला आणि पाठीत कळ आली तशी ती तिथेच थांबली. टिल्लू वाकून वरून बघत होता. तिच्या डोक्याचा मधला भाग त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितला. भांग रुंद झाला होता, केस विरळ झाले होते, आतलं गोरं कातडं दिसत होतं. त्याला बरं वाटलं. यात काही गाळून सांगण्यात अर्थ नाही, त्याला फार बरं वाटलं.

"हात देता का?"

"हात कशाला? सरळ उभी राहा म्हणजे जमेल. बाईंनी सांगितलंय ना सरळ राहायला?"

समोरच्या घरातले लोक दारात आले होते. तिने आणखी एकदा पाय उचलून बघितला. मग पदर नीट करून आत निघून गेली. टिल्लूने दोनदा हॉर्न वाजवला आणि कामावर गेला.

तो गुरुवार गेला तसा पुढचाही गेला, आणि त्यापुढचेही. ती म्हणाली, "भाड्याची व्हॅन सांगू का?" त्यावर तो म्हणाला, "दारात एवढी गाडी उभी असताना? लोक मला काय म्हणतील?" ती म्हणाली, "मग पायरी तरी लावा." त्यावर तो म्हणाला, "बघू." हे 'बघू' त्याने दुकानदारांकडून, मुकादमांकडून, सगळ्या उंच लोकांकडून आयुष्यभर ऐकलं होतं. स्वतः म्हणायला ते किती गोड लागतं, याची त्याला कल्पना नव्हती.

तिची पाठ परत वाकायला लागली. आधी खांदे, मग मान. डबा माळ्यावरून खाली येऊन ओट्यावर बसला.

आता टिल्लू स्वतः गाडीत कसा चढत होता, हा प्रश्न कुणाला पडला नाही, पण घरात एक माणूस होतं ज्याच्या स्वयंपाकघराची खिडकी घरामागे गाडी ठेवायच्या शेडकडे उघडायची. टिल्लू रोज शेडमध्ये शिरला की गल्लीतून कुणी बघत नाही ना, ते आधी बघायचा. दुधाच्या पिशव्यांचं एक प्लास्टिकचं क्रेट दारापाशी ठेवायचा, त्यावर चढायचा, तिथून सीटवर, आणि क्रेटला बांधलेल्या दोरीने ते मागोमाग वर ओढून घ्यायचा. मग रुबाबात बाहेर. हे सगळं ती भाजी चिरताना बघायची आणि कुणाला सांगायची नाही.

एका रविवारी दुपारी तो असाच गाडी बाहेर काढून दारात थांबला. गल्ली भरलेली होती, कुणी गाडी धूत होतं, कुणी खुर्च्या टाकून बसलं होतं. इंजिन चालू ठेवून तो वरून सगळ्यांकडे बघत होता. ती आतून आली. वाकून, सावकाश, भिंतीला हात लावत त्याच्या दारापाशी आली आणि तिने दार उघडलं.

"ते क्रेट खाली द्या."

"कसलं क्रेट?" तो मोठ्याने म्हणाला. गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तिचे हात अजून लांबच होते. तिने त्याच्या पायांशी हात घातला, दोरी पकडली आणि खेचली. क्रेट त्याच्या नडगीला आपटून खाली रस्त्यावर पडलं आणि दोन कोलांट्या खाऊन थांबलं. खुर्च्यांवरच्या माना वळल्या.

"आता चढ तू," टिल्लू हळू आवाजात म्हणाला. "बस. नेतो तुला. गुरुवारपासून नेतो."

"नको. काल बाई घरी येऊन गेल्या. मीच बोलावलं होतं. पाठ बघितली त्यांनी." तिने गाडीच्या दाराला टेकून घेतलं. दम लागला होता तिला. "म्हणाल्या, पाठ आता सरळ व्हायची नाही, तुम्ही एवढ्याच राहणार. आता तुम्ही खाली उतरा."

"घरात बोलू."

"उतरा ना. मी बघतेय."

गल्ली बघत होती. टिल्लूने क्रेटकडे बघितलं. तिने ते पायाने आणखी बाजूला सरकवलं. मग त्याला पाठमोरं व्हावं लागलं. पोटावर पालथा होऊन त्याने पाय बाहेर सोडले, सदरा वर गेला, पाठ उघडी पडली, आणि दोन्ही बूट हवेत जमीन शोधत राहिले. कोणी हसलं नाही, फक्त गाडी धुणाऱ्याने नळ बंद केला. शेवटी हात सुटले आणि तो धपकन उभा राहिला, वळला, तर तिचे डोळे बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर होते. वर नाहीत, खाली नाहीत.

"झालो ना सारखे," ती म्हणाली. तिने क्रेट उचललं आणि वाकलेलीच आत गेली. दार लावून घेतल्याचा आवाज आला. टिल्लू रस्त्यात उभा होता. गाडी चालूच होती, आणि परत वर चढायला आता काही उरलं नव्हतं.