तात्यांचा अंगठा

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही आलं, की पहिला अंगठा तात्यांचा. उद्या पाणी येणार नाही, अंगठा. कुणाचा वाढदिवस, अंगठा. एकदा तळमजल्यावरच्या आजी गेल्याची बातमी आली, तिच्यावरही अंगठा. तेव्हा लोक कुजबुजले, "जमिनीचे पैसे आले, माणुसकी गेली." सोसायटी तात्यांच्याच उसाच्या रानावर उभी आहे. डोक्यावर पांढरी टोपी, हातात महागडा फोन. लग्नाची पत्रिका पुढे केली, की ते म्हणायचे, "तुमीच वाचा, साहेब. तुमचा आवाज ग्वाड हाय." मला ते माझं कौतुक वाटायचं.

हे अंगठे सुरू झाले ते सुशीलाकाकी, म्हणजे त्यांची बायको, गेल्यावर. मुलगा नितीन बंगळूरला; तो दिवाळीलाही आला नाही. एके दिवशी तात्या माझ्याकडे आले. "साहेब, तुमी कंप्युटरवालं, म्हनून इचारतो. वाचून दाखवनारा चष्मा मिळतोय म्हनं. संगं येता का?"

बुधवार पेठेतल्या दुकानदाराने चष्मा काढण्याआधी त्यांच्या फोनकडे पाहिलं. "अहो, हा फोनसुद्धा वाचून दाखवतो. खिशात एक असताना दुसरं कशाला? हौस?"

"डोळं अधू झाल्यात," तात्या म्हणाले आणि जमिनीकडे बघत राहिले.

मंडईजवळ चहाला बसल्यावर मीही तेच विचारलं. त्यांनी आधी शेजारचं टेबल रिकामं आहे ना ते पाहिलं.

"डोळं चांगलं हायेत. मला वाचाया येत न्हाय, साहेब. सही तेवढी शिकलो. समदं मालकीण वाचायची, पोराला उत्तरं बी तीच लिवायची. त्याला कधी कळू दिलं न्हाय तिनं. ती गेली, आन् मला फोनात येवढा अंगठाच दाबता येतोय."

"पण फोनला बोलायला लावता येतं, तात्या."

"येतंय की. पर त्यो तोंडाम्होरं धरायचा, बटनं हुडकायची. बटनांवर बी अक्षरंच! डायवर डोकावतोय, पुतन्याची पोरं गेम खेळाया नेत्यात. फोन समद्या गावाचा असतोय. ह्यो माझ्या एकट्याच्या कानात बोलंल."

दुकानातून घेतलेला चष्मा त्यांनी खोक्यातून काढून डोळ्यांवर चढवला. चष्मा साधा दिसत होता. काडीत बारीक कॅमेरा, कानाशी बारीक आवाज. काडीला बोट लावलं की समोरची अक्षरं वाचायचा. परतताना तात्या प्रत्येक पाटीपुढे थांबत होते. एका दारापाशी ऐकता ऐकता दचकले. "'पत्ता विचारू नये. आम्हाला सांगायचा नाही.' येवढं रागावून लिवत्यात लोक? आन् मी हितनं जन्मभर हासत गेलो!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा दारात उभे. टोपी हातात, चेहरा उतरलेला. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "ह्यो चष्मा खोटं वाचतोय का बघा. तुमी वाचा एकदा."

नितीनचा जुना मेसेज होता, काकी गेल्यानंतरचा. मी वाचला. "तात्या, माझी नोकरी गेली. अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. तोंडाने सांगायला जमेना, म्हणून लिहितोय. तुम्ही एक फोन कराल का?"

त्याखाली तात्यांचा अंगठा. त्याखाली काहीच नाही.

"चष्म्यानं बरोबर वाचलंय, तात्या."

ते सोफ्याच्या कडेवर टेकले. "मी म्हनलं, पोराला गुर्मी आली. भावकीत बोललो बी तसं. आता कोन्त्या तोंडानं सांगू, की तुजा बाप अडानी हाय?"

"मी सांगू का त्याला?"

"न्हाय. माजं मलाच सांगाया पायजे. तुमी निस्तं बसा हितं."

त्यांनी फोन लावला. पलीकडून थंड आवाजात "बोला" आलं.

"नितीन, मला वाचाया येत न्हाय रं. कवाच येत नव्हतं. तुजी आय वाचायची. तुजी नोकरी गेल्याली मला आज कळली."

फोन कानाशी घट्ट धरून मान खाली घालून नुसते ऐकत होते. मी उठून आत जाऊ लागलो, तर त्यांनी हाताने बसा म्हणून खुणावलं. फोन ठेवल्यावर त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"रडला," तात्या म्हणाले. "मला वाटलं, हासंल."