तराजूकाका आणि माझं पुढचं चाक

तराजूकाकांच्या हातात कुठलीही वस्तू आली, की ती आधी त्यांच्या उजव्या तर्जनीवर आडवी व्हायची. लाटणं, छत्री, टीव्हीचा रिमोट, काहीही. ती स्थिर झाली, की तिचा मध्य कुठे आहे ते सगळ्यांना सांगून मगच ती कामाला लागायची. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले, तेव्हा आमटीचा डाव असाच बोटावर चढला. "दांड्याकडे जड आहे," काका म्हणाले. त्यांची मुलगी वृषाली म्हणाली, "बाबा, वाढा हो. भात निवला."

तराजूकाका हे नाव मी ठेवलं होतं आणि ते त्यांना मनापासून आवडलं होतं. भोसरीच्या एका पंख्यांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पात्यांचा तोल साधण्याचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर ते आठ महिन्यांसाठी परदेशी, टौरंगाला, लेकीकडे आले. वृषाली आणि मी एकाच ऑफिसात होतो, दोघी पुण्याच्या, आणि राहायलाही दोन घरं सोडून. दोन हजार सहा-सातच्या सुमाराची ही गोष्ट.

काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "तोल यंत्र दाखवतं, साधतो तो हात." पण इथे त्यांच्या हाताला कामच नव्हतं. आल्या आल्या त्यांनी गवत कापायच्या मशीनचं पातं काढून, खिळ्यावर टांगून, कानशीने घासून त्याचा तोल साधला होता. मशीन मांजरीसारखं गुरगुरायला लागलं. पण साठी उलटलेले वडील उघडं पातं घेऊन गॅरेजमध्ये बसलेले पाहून वृषालीची पाचावर धारण बसली आणि तिने हत्यारांची पेटी कपाटात बंद केली. "बाबा, आराम करा, बीचवर फिरून या," असं ती रोज सांगायची. "किती फिरू?" काका मला म्हणायचे. "वाळू तोंडपाठ झाली. अगं, आराम करायला काहीतरी करून दमावं लागतं आधी."

त्याच सुमारास माझ्या सेकंडहॅन्ड मोटरसायकलचं पुढचं टायर गुळगुळीत झालं. दुकानवाल्याने टायर बसवायचे एवढे आणि बॅलन्सिंगचे वेगळे, असं सांगितलं. मी ते काकांसमोर बोलले मात्र, त्यांना कुणीतरी शिवी दिल्यासारखं झालं. "तोल साधायला दुकानात? मी जिवंत असताना?" आता मी पुण्याची. एकतीस वर्षांचा अनुभव फुकट मिळत असताना दुकानात जाणं माझ्या रक्तात नाही. टायर दुकानात बसवून घेतलं आणि चाक काकांच्या स्वाधीन केलं. वृषालीने पेटीची किल्ली दिली, पण तोंड वाकडं करूनच.

जुलैतला, म्हणजे तिथल्या ऐन थंडीतला, रविवार होता, सकाळचे आठ. हिरवळीवर दंव पांढरं गोठलेलं. काकांनी कानटोपी घातली आणि कारखान्याच्या शिस्तीने आधी चाकाचे बेअरिंग उघडून त्यात नवं ग्रीस ठासून भरलं. मग आस चाकात घालून तिची दोन टोकं दोन स्टुलांवर टेकवली. तत्त्व अगदी सोपं. चाक हळूच फिरवायचं. जड बाजू आपोआप खाली येते. मग बरोबर समोर, वरच्या बाजूला, वजन चिकटवायचं. चाक कुठेही सोडलं तरी जागच्या जागी राहिलं, की तोल साधला. वजनांसाठी काकांनी मासेमारीच्या दुकानातले शिशाचे गोळे आणून, ठोकून चपटे करून ठेवले होते. पण त्यांची गरजच पडली नाही. चाक जिथे सोडावं तिथे थांबत होतं. "बघ! जन्मतःच गुणी आहे," काका म्हणाले आणि कौतुकाने त्याला थोपटलं.

दुपारी मी गाडी हायवेवर काढली. ताशी ऐंशीला हँडल थरथरायला लागलं, नव्वदला ते माझ्या हातातून सुटू पाहत होतं. कशीबशी कडेला थांबले. परतल्यावर काकांना हळूच सांगायचं मी ठरवलं होतं, पण वृषालीने दारातच माझा चेहरा पाहिला आणि सगळं वदवून घेतलं. "बाबा, ही पडली असती म्हणजे?" ती एवढंच म्हणाली. पेटीला कुलूप लावून किल्ली काकांनी स्वतःच तिच्या हातात दिली.

पुढचे पाच-सहा दिवस मला आठवले तरी वाईट वाटतं. मी त्यांच्याकडे जेवायला गेले, तर काकांनी डाव उचलला आणि सरळ आमटीत घातला. वृषालीने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. "हात गेला माझा," काका ताटाकडे बघत म्हणाले. "वय झालं की जातो."

शनिवारी सकाळी सातला माझा फोन वाजला. "अगं, खोबरेल तेल!" काका ओरडत होते. मला वाटलं यांना काही झालं. "बाटली उलटी केली तर थेंब पडेना! अगं, ग्रीसचंही तेच. थंडीने घट्ट झालं होतं. चाक तोलामुळे थांबत नव्हतं, ग्रीसने त्याला धरून ठेवलं होतं! भोसरीला ग्रीस कधी गोठलंय का? आधी तोल, मग ग्रीस, हे पोरसोराला कळतं. मी अतिशहाणपणा केला." चूक सापडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वृषालीने पुन्हा किल्ली दिली, पण अट घालून. चाक गाडीला लावायच्या आधी दुकानातल्या मशीनवर तपासायचं. काका म्हणाले, "तपासू दे की. खरं सोनं आहे, आगीला कशाला भितंय?" दुपारच्या उन्हात त्यांनी ग्रीस रॉकेलने धुऊन काढलं, पातळ तेलाचे दोन थेंब सोडले आणि चाक फिरवलं. ते झुलत झुलत थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तीच बाजू खाली. शिशाचे तुकडे चिकटवत, काढत, कापत त्यांना पावणेदोन तास लागले. त्यानंतर बेतानं ग्रीस भरलं. कारमधून दुकानात जाताना चाक त्यांनी मांडीवर घेतलं होतं.

"किया ओरा, मेट," असा तिथला नमस्कार करत दुकानवाल्याने चाक मशीनवर चढवलं. काका हाताची घडी घालून उभे होते, पण मशीनवरची नजर हलवत नव्हते. मशीन थांबलं. "फाइव्ह ग्रॅम्स," तो म्हणाला. "स्वीट अ‍ॅज. आय वुड लीव्ह इट." म्हणजे झकास जमलंय, एवढासा फरक तसाच सोडला तरी चालेल.

"नो लीव्ह. पुट," काका म्हणाले. मग मराठीत मला, "पाच ग्रॅम मशीनचा मान. त्यालाही पोटपाणी आहे." दुकानवाल्याने पाच ग्रॅम लावले आणि हे शिसं कुणी ठोकलं म्हणून विचारलं. मी काकांकडे बोट दाखवलं. त्याने काकांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला.

चाक लावल्यावर काका हेल्मेट घालून मागे बसले. वृषाली नको नको म्हणत होती. "तोल मी साधलाय, मग पोरीला एकटीला पाठवू?" त्यांनी विचारलं. हायवेवर ऐंशी झाले, नव्वद झाले. भीतीने मी हँडल आवळून धरलं होतं. मागून काका ओरडले, "अगं, गळा दाबू नकोस त्याचा! सैल सोड, त्याशिवाय कसं कळणार?" मी श्वास रोखून मुठी सैल केल्या. हँडल देवघरातल्या समईसारखं स्थिर होतं. मला हसू आवरेना. मागे काकाही हसत होते आणि माझ्या पाठीवर थापा मारत होते.

ऑगस्टअखेर काका पुण्याला परतले. विमानतळावर वृषाली रडली, मी जास्त रडले.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी तिच्याकडे गेले, तर कपडे वाळवायचा ड्रायर घरभर दणदणत होता. भांडी हलत होती, आम्हाला एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं. किती दिवस असा चाललाय, मी विचारलं. महिनाभर, ती म्हणाली. मग दुरुस्तीवाल्याला का बोलावलं नाहीस?

"फोन केला होता," वृषाली म्हणाली. "मग मीच नको सांगितलं. फेब्रुवारीत बाबा येतायत."