भिंतीखालचा माणूस

सकाळी शटर वर गेलं की तो आधी स्वतः भिंतीवर चढायचा, वर पोचून हात सोडायचा, दोराच्या आधाराने खाली यायचा आणि पट्टा काढता काढता म्हणायचा, "माका भिया वाटता." मग कामाला लागायचा.

आता हे एखाद्या बँकेतल्या माणसाने म्हटलं असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण लोकांची भीती घालवायची, हाच आमचा धंदा. मुलुंडला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आमचं ॲडव्हेंचर पार्क आहे. दोन माळे उंच चढायची भिंत, खाली गाद्या आणि बाजूला वाढदिवसांची टेबलं. मी काउंटरला बसते. तो मुख्य प्रशिक्षक होता, मूळचा मालवणकडचा. पूर्वी टॉवरना दोरावर लटकून रंग द्यायचा. तेव्हाही भ्यायचा, हे त्यानेच सांगितलेलं.

एकदा एका आजोबांनी त्याचं ते वाक्य ऐकलं आणि नातवाला घेऊन थेट समोरच्या गाडीवर वडापाव खायला गेले. मॅनेजर खवळला. "अरे, कस्टमरसमोर तरी नको ना बोलू, यार." तेव्हापासून तो हळू आवाजात बोलायचा, एवढाच फरक पडला.

त्याची दुसरी सवय मात्र मॅनेजरलाच काय, मलाही जड जायची. काही चुकलं की तो ते सांगून मोकळा व्हायचा. एखाद्या मुलाचा पट्टा वर गेल्यावर सैल निघाला आणि त्याने वेळीच उतरवलं, तर आपण काय करू? देवाचे आभार मानू आणि गप्प बसू. हा काउंटरवर येऊन त्या मुलाच्या घरी फोन लावायचा. "ताई, आज असं झालं. मुलगा बरा आहे. पण तुम्हाला माहीत असावं." पलीकडची आई काय काय बोलायची ते मला समोर बसून ऐकू यायचं. तो खाली मान घालून "होय, होय" म्हणायचा.

"काही झालंच नाही, तर सांगतोस कशाला?" मॅनेजर विचारायचा.

"आज नाय सांगलंय, तर मोठा काय झाल्यावर सांगूक धीर होवचो नाय," तो म्हणायचा.

चढणाऱ्या प्रत्येकाचा पट्टा आणि हुक तो हाताने ओढून बघायचा. त्याने लावलेला हुक मात्र कुणी बघत नसे. दादाने लावलाय म्हटल्यावर त्यात काय बघायचं, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं. त्यालाही वाटत असावं.

त्या रविवारी एका मुलीचा वाढदिवस होता. गर्दी, फुगे, स्पीकरवर गाणी. तिला हुक लावताना कुणीतरी त्याला फोटोसाठी इकडे बघ म्हणालं. त्याने बघितलं, आणि हुक मुख्य पट्ट्याऐवजी बाजूच्या, सामान अडकवायच्या बारीक कापडी कडीत गेला. मुलगी भराभर चढली, वर दमली आणि तिने हात सोडला. कडीने तिला क्षणभर धरलं. मग कापड फाटल्याचा आवाज आला. तो आवाज अजूनही कानात येतो.

ती गादीवर पडली आणि उठून बसली. रडली, मग मैत्रिणींना बघून हसलीसुद्धा. आई तेव्हा केकपाशी होती. ती धावत येईपर्यंत मॅनेजर पुढे झाला. "काही नाही मॅडम, खालच्या खाली घसरली. केक कापून घ्या." आईच्या जिवात जीव आला. ती मुलीला उठवायला वाकली.

"ताई, उठवू नका तिला." तो भिंतीखालून आला, तुटलेली कडी हातात. "ही वरून पडली. पार वरून. हुक मी चुकीचा लावला."

मॅनेजरने त्याचा दंड धरला. आईने त्याची कॉलर धरली आणि दोन थोबाडीत दिल्या. तो हलला नाही. "मारा, पण नंतर. आधी हॉस्पिटल."

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, किती उंचीवरून? मॅनेजर म्हणाला, चार-पाच फूट. तो म्हणाला, दोन माळे. डॉक्टरांनी एकदा दोघांकडे बघितलं आणि नर्सला हाक मारली. मुलीच्या पोटात आतल्या आत रक्त वाहत होतं. संध्याकाळीच ऑपरेशन करावं लागलं. तिला केक भरवून घरी नेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

बाहेर बाकावर तो चहा घेऊन बसला होता. मी चिडून म्हटलं, "दादा, पडली एवढंच सांगायचं होतं. हुक तुम्ही लावला, हे कशाला? जेलमध्ये टाकतील तुम्हाला."

"टाकतीत," तो म्हणाला. "माझी पोरगी लहान आहे. माका लय भिया वाटता." चहा बाकावर ठेवून तो उठला आणि पोलीस चौकी कुठे आहे ते वॉचमनला विचारू लागला.

नोकरी गेली, केस अजून चालू आहे. आता तो गावी असतो, तारखेला येतो म्हणतात. मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या मुलीला हॉस्पिटलमधून घरी सोडलं त्या दिवशी. मी भेटायला गेले होते. तो गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभा. जामीन मिळाल्यापासून रोज तिथे येऊन उभा राहायचा म्हणे, आत यायची छाती व्हायची नाही.

आईने त्याला ओळखलं. ती रस्ता ओलांडून गेली, मी घाबरून तिच्या मागे. "केस मी मागे घेणार नाही," ती म्हणाली.

"घेऊ नका," तो म्हणाला.

"पण ती तुम्हाला बोलावतेय. काहीतरी विचारायचंय म्हणते."

मुलगी रिक्षात उशीला टेकून बसली होती. तो दांडा धरून वाकला. तिने विचारलं, "काका, मी टॉपला पोचले होते ना? सगळे नुसतं हो हो म्हणतात."

मला वाटलं, आता तरी हो म्हणेल. आईही त्याच्याकडेच बघत होती.

"नाय गो," तो म्हणाला. "टॉपाक एक हात रवलो होतो."

मुलगी रुसली. मग म्हणाली, "मग मला परत यायला लागेल."

रिक्षा निघून गेली. तो मटकन फुटपाथवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.