गार्डसाहेब हयात आहेत

दिवसभर भंडाऱ्याला मीटिंगमध्ये बसून कंबरेचा काटा ढिला झाला होता. तुमसरच्या मोटारस्टँडवर सिहोऱ्याच्या गाडीत कशीबशी खिडकी मिळाली, आणि कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमचे गार्डसाहेब गेले म्हणतेत. आज सकाळीच." यावर माणसानं अरेरे म्हणावं, कसे गेले विचारावं. माझ्या तोंडून निघालं, "कावळा तर नाही शिवला ना?" दुसऱ्या मुलखातला कंडक्टर असता तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. हा आमच्याच भागातला. पण तो हसला नाही. "नाही जी," म्हणाला, "खरंच गेले. तुमच्यासाठीच मयत ठेवून हाय." आता महिना होत आला. मी असं का विचारलं ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

गार्डसाहेबांचं नाव सदाशिव, पण त्या नावानं त्यांना गावात कुणी ओळखत नसे. तरुणपणी नागपूरहून रेल्वेच्या भरतीत ते पूर्व आफ्रिकेत गेले, तिकडे इंग्रजांच्या राज्यात गाड्यांचे गार्ड झाले आणि तिथलं राज्य बदललं तेव्हा बायकोला, यमुनाकाकूंना, घेऊन परत आले. मूलबाळ नव्हतं. थोडी धानाची शेती होती, एक जुनं कौलारू घर होतं, आणि विलायतेतून येणारी पेन्शन होती. ते बिनदुधाचा चहा प्यायचे. गाव म्हणे, इतकी वर्षं परदेशात राहून माणूस दुधालाही मोताद झाला! ते ऐकून घ्यायचे आणि आणखी एक कप मागायचे.

मी दवाखाना टाकला त्याच वर्षी धान कापणीच्या दिवसांत ते माझ्याकडे आले. त्या उन्हात काळा कोट, गळ्यापर्यंत गुंड्या. म्हणाले, "डॉक्टर, मी जिवंत हाय, असं लिहून पाहिजे." मला वाटलं म्हातारा सटकला आहे. मग त्यांनी विलायतेहून आलेला छापील कागद उलगडला. परदेशात राहणाऱ्या पेन्शनरांनी दरवर्षी हयातीचा दाखला पाठवायचा, नाहीतर पेन्शन बंद. सही मॅजिस्ट्रेटची, डॉक्टरची नाहीतर हेडमास्तरची. म्हणजे त्या कचेरीच्या लेखी सिहोरा परदेश! मी हसलो, नाडी पाहिली, म्हटलं, "आहात बुवा." सही ठोकली. तेव्हापासून दरवर्षी तो कोट, तो कागद आणि माझी सही. मी कंटाळलेला असायचो, समोर तापाचे पेशंट ताटकळलेले असायचे. कधी म्हणायचो, "गार्डसाहेब, इथंच तर राहता, मला दिसता रोज, कोट कशाला घालता?" ते म्हणायचे, "साहेबाच्या कागदावर जिवंत राहाचं म्हणजे कपडे नीट पाहिजेत ना बापा."

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. कापणी चालली होती. गार्डसाहेब धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उघड्या टकलानं उभे, आणि एक कावळा आला तो सरळ त्या टकलावर चोच मारून गेला. थोडं रक्त आलं. मी आयोडीन लावून परत पाठवलं. त्यांच्या दृष्टीनं गोष्ट तिथं संपली, काकूंच्या दृष्टीनं तिथून सुरू झाली. आमच्याकडे समज असा, की कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरणाचं बोलावणं आलं. त्याला तोड एकच. माणूस मेला अशी खोटी खबर लांबच्या नात्यात पाठवायची. तिकडे रडारड झाली की मरणाला वाटतं आपलं काम उरकलं, आणि ते परत फिरतं. मग चार-आठ दिवसांनी दुसरं कार्ड टाकायचं, हळदीचं बोट लावून, की कावळा शिवला होता, माणूस खुशाल आहे. गार्डसाहेबांना हे सांगून उपयोग नव्हता, त्यांनी काकूंना वेड्यातच काढलं असतं. म्हणून काकू गुपचूप पोस्टात गेल्या, पोस्टमास्तरांकडून दोन कार्डं लिहून घेतली आणि दोन्हींचा कोपरा फाडला. कोपरा फाटलेलं कार्ड मरणाचं, हे अक्षरओळख नसलेल्यालाही कळतं. एक कार्ड गेलं दिघोरीला, गार्डसाहेबांच्या थोरल्या बहिणीला, गिरजाबाईंना. दुसरं नागपूरला, काकूंच्या भाच्याला, प्रभाकरला.

गिरजाबाई तीन गाड्या बदलून आल्या. मोटारीतून उतरल्या त्या टाहो फोडतच. "माझ्या सदू गाऽऽ, मले टाकून कसा गेलास गाऽऽ..." मोटारस्टँडवर अख्खं गाव होतं. पानवाल्यानं सकाळीच गार्डसाहेबांना पान दिलं होतं. पण एकानंही म्हातारीला सांगितलं नाही, की बाई, तुझा भाऊ घरी बसला आहे. सांगायचंच नसतं! तिचे अश्रू पडले तरच त्याचं मरण टळणार. दोघी बायांनी तिला धरून घरापर्यंत आणलं, त्याही डोळ्याला पदर लावून. मी दवाखान्यातून आवाज ऐकून धावलो. गार्डसाहेब अंगणात बाजेवर बसून भात-वरण खात होते. बहिणीला पाहून म्हणाले, "काहून रडून राहिलीस बाई? कोण मेलं?" गिरजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग ताट उडवून लावलं, आणि त्यांच्या पाठीत दणादण बुक्के मारले. मग गळ्यात पडून जे रडल्या, ते पहिल्यापेक्षा मोठ्यानं. गार्डसाहेबांच्या डोळ्यांतही पाणी आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. काकू चुलीपाशी समाधानानं उभ्या होत्या. काम फत्ते झालं होतं.

पण कार्डं दोन होती ना! प्रभाकर नागपुरात वाढलेला, सरकारी नोकरीतला, कमालीचा नेकीचा पोरगा. आत्याच्या नवऱ्याला तो मामा म्हणे, आणि मामाचा इंग्रजी पत्रव्यवहार तोच पाहायचा. त्यानं कोपरा फाटलेलं कार्ड वाचलं, रडला आणि त्याच दिवशी विलायतेच्या कचेरीला कळवून टाकलं, की मामा वारले, पेन्शन थांबवावी. मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे येऊ नयेत, एवढंच त्याच्या मनात. हळदीचं कार्ड पोचलं तोवर त्याचं पत्र विमानात बसलं होतं. त्यानं घाईघाईनं दुसरं पाठवलं, मामा जिवंत आहेत म्हणून. कचेरीनं पहिलं मानलं, दुसरं मानलं नाही. त्यांचंही काय चुकलं म्हणा. कावळ्याची गोष्ट इंग्रजीत लिहायला प्रभाकर बसला होता खरा... पण लिहून झाल्यावर त्यालाच ती खोटी वाटायला लागली.

मग जो फेरा सुरू झाला तो आठवला तरी मला थकवा येतो. मी दाखला लिहिला. उत्तर आलं, हे डॉक्टर कोण, त्यांची नोंदणी कुठली. ते कळवलं. मग म्हणे फोटो हवा, मॅजिस्ट्रेटच्या सहीचा. तुमसरला जाऊन फोटो काढला, तर तहसील कचेरीतला कारकून म्हणाला, हा फोटो आधी काढून ठेवलेला नसेल कशावरून? गार्डसाहेब त्याच्या समोर उभे! म्हणाले, "अगा बापा, मीच हाय ना हा." कारकून म्हणाला, "ते खरं आहे हो, पण कागदावर पाहिजे." एकेक पत्र जायला-यायला महिना-दीड महिना. घरात दुसरी मिळकत नव्हती, धान खाण्यापुरतं. काकूंनी शेजारपाजारच्या बांधीत रोवणीला, म्हणजे भात लावायला, जायला सुरुवात केली, आणि गार्डसाहेबांना ते बघवेना. एका दुपारी दवाखान्यात येऊन बाकावर नुसते बसून राहिले. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही जी. इतके दिवस सांगून राहिलो, जिवंत हाव, जिवंत हाव... आता मलेच वाटते, त्यायचंच खरं असन." मला राग आला, त्यांचा नाही, सगळ्याच गोष्टीचा. मी काकूंवरही चिडलो होतो आणि तसं बोललोही, की काय हो हे तुमच्या बाईचं खूळ! ते एकदम ताठ झाले. "तिले काही म्हणू नोका डॉक्टर. तिनं मरणाले फसवलं माझ्यासाठी. कचेरी मधात आली, त्याले ती काय करन?" मी चहा मागवला, बिनदुधाचा.

अखेर वर्ष उलटता उलटता कचेरीनं मान्य केलं. पत्रात लिहिलं होतं, की आपण हयात असल्याचं नोंदवताना आम्हाला आनंद होतो. गार्डसाहेबांनी ते मला मराठीत वाचून दाखवलं आणि म्हणाले, "आता मराले मोकळा झालो." तरी पुढं आठ-नऊ वर्षं राहिले. दाखल्यावर आता दोन सह्या लागायच्या. माझी आणि तहसीलदाराची, आणि दरवर्षी तुमसरची वारी. गिरजाबाई मात्र त्या दिवसानंतर सिहोऱ्याला आल्या नाहीत. पाय धरले होते, आणि थोडा रुसवाही असावा. गार्डसाहेबच दिवाळीनंतर दिघोरीला जाऊन यायचे.

त्या संध्याकाळी कंडक्टरनं सांगितलं ते खरंच होतं. पहाटे उठले, पाणी प्यायले, पुन्हा आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी तपासलं. इतकी वर्षं ज्या हातानं लिहिलं की हा माणूस जिवंत आहे, त्याच हातानं उलटं लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही. तेरवी झाली. प्रभाकर नागपूरहून आला, बिचारा सगळ्यात जास्त रडला. दिघोरीला कार्ड गेलं होतं, कोपरा फाडून. पण गिरजाबाई मातीलाही आल्या नाहीत आणि तेरवीलाही नाहीत. काकू एवढंच म्हणाल्या, "राग हाय त्यायचा माह्यावर. राहू द्या."

गेल्या आठवड्यात मी काकूंकडे गेलो होतो. विधवेची पेन्शन मिळण्यासाठी त्यांचा अंगठा हवा होता. मृत्यूचा दाखला विलायतेला गेलाय, उत्तर नाही. मागच्या अनुभवानं कचेरी सावध असणार, हे मी काकूंना सांगत होतो, तेवढ्यात गिरजाबाई दारात आल्या. मुलगा हात धरून होता. रडत नव्हत्या. अंगणभर नजर फिरवली. बाज भिंतीला उभी करून ठेवली होती, तिच्याकडे पाहत राहिल्या. मग ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "पोरगा म्हणे चाल. मी म्हणली, थांब, दुसरं कार्ड येईन." काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. "कार्ड वाचून दिलं तशी लय रडली मी, यमुना. मागच्या खेपेपरीस जास्त रडली. कमी नाही पडू देली... रोज डाकवाल्याची वाट पाहिली."

गिरजाबाईंनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "हे काय होय जी?" मी सांगितलं, विलायतेच्या कचेरीचं काम आहे. "त्यायनं मानलं काय, सदू गेला म्हणून?"

"नाही," मी म्हणालो, "अजून उत्तर यायचं आहे."

म्हातारीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पाहवलं नाही. ती पुढं सरकली, एकदम घाईनं. "मंग? त्यायनं नाही मानलं तं..."

काकू उठल्या. नणंदेच्या पायाशी जाऊन बसल्या आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "नाही बाई," त्या म्हणाल्या, "यावेळी खरं हाय. आंघोळ मीच घातली त्यायले."