तात्यांची पाण्याखालची वाट

कॉलेजच्या सायकल स्टँडवरून तात्या कधी सरळ चालत गेले नाहीत. हात पाठीमागे बांधून ते सायकलींची रांग बघत यायचे आणि मधेच वाकून एखाद्या टायरवर अंगठा दाबायचे. वैद्य नाडी बघतो तसे क्षणभर डोळे मिटायचे. मग त्या सायकलीचा मालक कोण ते शोधून काढायचे आणि त्याला सांगायचे, "हवा कमी कर." सगळी बारामती सायकलीत हवा भरून घेत असे, हा एकटा माणूस हवा सोडायला सांगायचा. पोरं त्यांना मागून 'हवा तात्या' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा वर्गाबाहेर तसं कुणी पुटपुटलं तेव्हा मागे न बघताच ते म्हणाले, "हवा तात्या तर हवा तात्या. पंक्चर तात्या न्हाय म्हणत, हे काय कमी हाय?"

ते फिजिक्सच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. सहा फूट उंच, अंगाने भारी, खाकी हाफ शर्ट आणि उजव्या गुडघ्याला कायम एक पट्टी. लॅबमधल्या प्रत्येक प्रयोगाचं उत्तर त्यांना पाठ होतं, कारण वीस-बावीस वर्षं तेच प्रयोग त्यांनी मांडले होते. पण ते उत्तर त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. फार अडलं तर एवढंच म्हणायचे, "तार सैल हाय का बघ जरा."

माझी आणि त्यांची ओळख माझ्या पडण्यामुळे झाली. मी शेळगावचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणाला काय विचारावं हेही मला कळत नसे. जळोचीला आत्याकडे राहायचो आणि शनिवारी दुपारी सायकलने गावी जायचो. कारखान्याचा हंगाम चालू होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरने एका शनिवारी मला डांबरीवरून खाली खडीत घातलं. सोमवारी कोपराला फडकं बांधून लॅबमध्ये आलो तर तात्यांनी विचारलं, "डांबरीनं गेलतास व्हय?"

"दुसरा रस्ताच न्हाय तात्या."

त्यांनी माझ्या जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक रेघ ओढली. "ही कॅनॉलची पट्टी. पाणी तुज्याच गावाकडं चाललंय. त्याच्या सोबतीनं जा." कुठे पट्टी खचलीय, कुठे पाण्याची चारी आडवी येते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं अंगावर येतं, सगळं त्यांनी त्या रेघेवर खुणा करून दाखवलं. वर म्हणाले, "आन् हवा कमी कर." पुढच्या शनिवारी त्या वाटेने गेलो. बाभळींच्या सावलीतून, पाण्याच्या कडेने, धक्का न बसता मी घरी पोहोचलो. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

त्यांची स्वतःची सायकल कुठल्याच कंपनीची नव्हती. चौकट दूधवाल्याच्या सायकलीची, हँडल सरळ, टायर जाड, आणि मागे पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं पाच चकत्यांचं फ्रीव्हील. त्यातले तीनच गियर पडायचे. बाकीच्या दोनचं काय, असं विचारलं की म्हणायचे, "ते पुण्याला पळत जायाला. माजं काय काम हाय पुण्याला?" चेनला ते कधी तेल पाजत नसत. माळावरची धूळ तेलाला चिकटते आणि चेन खाते, म्हणून घरी गेल्यावर कोरड्या फडक्याने एकेक कडी पुसायची, अशी त्यांची शिस्त होती.

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघायचो. तिसरा म्हणजे माझ्या वर्गातला पोपट. त्याच्या घरचा बागायती ऊस होता, दारात ट्रॅक्टर होता, आणि वडिलांनी त्याला पुण्याहून अठरा गियरची, जाड टायरची, लालभडक सायकल आणून दिली होती. तशी सायकल तेव्हा बारामतीत दुसरी कुणाकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. तात्यांनी तिला चारी बाजूंनी न्याहाळलं.

"किती गियर म्हणालास पोपटराव?"

"अठरा."

"आन् पाय?"

पोपट लाजून हसला. पण कटफळच्या माळावर पहिला चढ आला तेव्हा तात्यांनी त्यालाच पुढे घातलं आणि ओरडून ओरडून एकेक गियर शिकवला. स्वतः कधी अठरा गियर न चालवलेला हा माणूस नुसता चेनचा आवाज ऐकून सांगायचा, "आता टाक हलका. आता न्हाय, लवकर झाला. वर बघू नको, चाकाम्होरं दोन हात बघ. टेकडी कुठं पळून चालली न्हाय."

माळावरची त्यांची सगळ्यात कडक आज्ञा काट्याची होती. टायरमध्ये काटा दिसला तरी तो उपसायचा नाही. आत आहे तोवर त्यानेच भोक बुजवलेलं असतं. पंप, ठिगळ आणि सोल्यूशन घेऊन बसायला सावली मिळाली की मगच हात लावायचा. मी पहिल्याच महिन्यात ही आज्ञा मोडली. चांगला बोटभर बाभळीचा काटा दिसला, राहवलं नाही, ओढला. हवा भस्सकन गेली. भर माळावर ट्यूब काढली, पण भोक शोधायला पाणी कुठून आणायचं? पोपटने आपली बाटली पुढे केली तर तात्यांनी ती त्याला परत दिली. "ते प्यायला हाय." मग त्यांनी ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती मला ओठांजवळून हळूहळू फिरवायला लावली. एका जागी वरच्या ओठाला बारीकशी झुळूक लागली. "घावलं?" ते म्हणाले. "वठाला जे कळतंय ते डोळ्याला कळत न्हाय. आन् आता काटा दिसला की हात खिशात घालायचा."

टेकडीवर बसलो की ते मला आठवडाभरात शिकवलेलं समजावून सांगायला लावायचे. मला वाटायचं ते माझी परीक्षा घेतात. नंतर कळलं की त्यांना खरंच ऐकायचं असे. इतकी वर्षं सरांचं शिकवणं त्यांनी लॅबच्या दाराआडून अर्धं अर्धंच ऐकलं होतं, कारण मधेच कुणीतरी चहाला पाठवायचं.

दर वर्षी वैशाखात मात्र तात्या एक रविवार आमच्यासोबत येत नसत. भिगवणकडे जातो, एवढंच सांगत. मी शेवटच्या वर्षाला होतो, परीक्षा झाल्या होत्या. तात्याही जूनमध्ये निवृत्त होऊन नाशिकला मुलीकडे कायमचे जाणार होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, इथे मागे कुणी नव्हतं. त्या वैशाखात ते म्हणाले, "यंदा तुमी बी चला. पाणी लय खाली गेलंय म्हणत्यात. मला घर बघायचंय."

त्यांचं जुनं गाव डाळजच्या पलीकडे नदीकाठी होतं. उजनीचं धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ, पाटलाचा वाडा, वेशीचे दगड उघडे पडायचे. लोक मुलंबाळं घेऊन आपापली घरं बघायला यायचे. तात्याही दर वर्षी जायचे, पण त्यांचं घर त्यांना गाव सोडल्यापासून एकदाही दिसलं नव्हतं.

वाटेत भिगवणला चहाला थांबलो तेव्हा पोपटने विचारलं, "सगळ्यांची दिसत्यात, तुमचंच कसं न्हाय तात्या?"

"आमची वस्ती गावाच्या खालती, नदीकडंला. सखलात. पाणी चढलं तवा आदी आमच्यात आलं. उतरताना आमच्यातनं शेवटी उतरतंय." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पोपट मात्र हातातल्या कपाकडे बघत राहिला. मला काही विचारावं लागलं नाही. शेळगावात आमची घरंही कुठल्या बाजूला आहेत ते मला माहीत होतं.

मग तात्यांनी दगडाची गोष्ट सांगितली. ते सातवी पास झाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी घराच्या ओट्याला एक घडीव दगड बसवला आणि मुलाच्या हातात छिन्नी दिली. "म्हणाला, लिवतोस ना आता? मग माजं नाव लिव." वडिलांना अक्षर येत नव्हतं. तात्यांनी दोन दिवस बसून ते नाव कोरलं होतं. त्यांना तो दगड एकदा बघायचा होता. नाशिकला गेल्यावर पुन्हा येणं होणार नाही, हे त्या गुडघ्याकडे बघून आम्हाला कळत होतं.

डाळजवरून आत वळलो. पाणी खरंच कुठल्या कुठे गेलं होतं. गाळावर कुणी कुणी कलिंगडं लावली होती, त्यापुढे नुसती भेगाळलेली जमीन आणि शिंपले. जुना रस्ता गाळातून वर आला होता. त्याच्या दगडांवरून तात्या पुढे, आम्ही मागे. ते बोलत होते, "हितं पार हुता. हितं चावडी." आणि गाळावरून सायकल कशी न्यायची तेही सांगत होते. "भेगांच्या कडा वर वळल्यात ना, म्हंजी खाली कोरडं. कडा सपाट दिसल्या की खाली ओल. तितं जायाचं न्हाय."

वेशीपाशी रस्ता संपला. वस्तीला रस्ता कधी नव्हताच, शेतातून पायवाट होती. आणि तिथून साठ-सत्तर पावलांवर, पाण्याच्या अलीकडे, एक दगडी जोतं गाळातून डोकावत होतं. तात्या पायडलवर उभे राहिले आणि सरळ त्या दिशेने सुटले. भेगांच्या कडा सपाट होत्या. मला दिसत होत्या, पोपटला दिसत होत्या. आम्ही हाक मारेपर्यंत पुढचं चाक निम्मं आत गेलं होतं आणि तात्या मांडीपर्यंत चिखलात होते.

त्यांना बाहेर ओढायला आम्हाला बराच वेळ लागला. दुखरा गुडघा मुरगळला होता. वेशीच्या दगडावर बसून ते जोत्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सांगत आलो तुमाला, आन् बघितलं न्हाय मीच."

मी तेव्हा अंगाने काडी होतो, वजन असं नव्हतंच. मी पोपटची सायकल घेतली आणि टायर पसरट होऊन कमी रुतावेत म्हणून दोन्हींची हवा सोडायला लागलो. तात्यांनी अंगठा दाबून बघितला. "आजून थोडी सोड. आता बास. हलका गियर टाक. मधी थांबू नको, थांबलास की गेलास."

मी निघालो. गाळाचा पापुद्रा चाकाखाली करकरत होता, दबत होता, पण धरत होता. मागून त्यांचा आवाज येत होता. "उजवीकडं घे. तितं आड हुता, लांब ऱ्हा. सरळ. सरळ." जोत्याचे दगड लागले आणि मी उतरलो. गुडघे टेकून हाताने गाळ उपसू लागलो. ओट्याचा कोपरा सापडला. त्याच्याखाली घडीव दगड, आणि त्यावर खोल कोरलेली अक्षरं. बोटाने गाळ काढत मी ती एकेक मोकळी केली.

"हाय का?" तात्यांनी विचारलं.

"हाय."

"वाच."

"राणू सावळा."

"शेवटचं अक्षर खाली घसरलंय का? जागा पुरली नव्हती."

"व्हय. घसरलंय."

मग पोपटचा आवाज आला. तो तात्यांशी बोलत होता, पण उघड्यावर सगळं ऐकू येत होतं. "तात्या, चार दिसांनी वाळंल हे. आमचा ट्रॅक्टर आणतो. दगड काढून नाशकाला पोचता करतो."

"पोरीच्या तिसऱ्या मजल्यावर कुठं ठिवू त्यो?" तात्या म्हणाले. "आन् घर मोडून न्हेऊ का मीच?" मग मोठ्याने मला म्हणाले, "शेळगाव, गाळ लाव परत. नीट झाक. पाटलाच्या वाड्याचे दगड लोकांनी ट्रॉल्या भरून न्हेले. ह्यो दिसला तर ह्यो बी न्हेतील."

मी ओंजळीने ओला गाळ घेऊन ती अक्षरं बुजवली. वरून हात फिरवून सपाट केलं. परत येताना मला वाट कुणी सांगितली नाही. तात्या मान खाली घालून बसले होते.

जूनमध्ये ते नाशिकला गेले. सायकल एसटीच्या टपावर त्यांनी स्वतः दोरीने बांधली, कंडक्टरवर विश्वास नव्हता. खिडकीतून मला म्हणाले, "निकाल लागला की कळव. आन् सोल्यूशनच्या ट्यूबचं टोपण घट्ट लाव, वाळून जाती." मी बीएस्सी झाल्याचं कार्ड पाठवलं. उलट टपाली त्यांचं कार्ड आलं, त्यात एकच ओळ होती: एमएस्सी कर, तार सैल सोडू नको. मी एमएस्सी केली. ते सांगितलं नसतं तर केली असती असं मला वाटत नाही.

चार वर्षांनी त्यांच्या मुलीचं पत्र पुण्यात माझ्या खोलीवर आलं. तात्या गेल्याला तेव्हा महिना होऊन गेला होता. पुढच्या रविवारी मी भिगवणला उतरलो, भाड्याची सायकल घेतली आणि डाळजवरून आत गेलो. उन्हाळा होता, पण त्या साली पाणी फारसं उतरलं नव्हतं. देवळाचा फक्त कळस वर होता. जुना रस्ता थोडा पुढे जाऊन पाण्यात शिरत होता. तिथे मी सायकल धरून उभा राहिलो.

काठाला जाळी सोडवत बसलेला एक म्हातारा मासेमार माझ्याकडे बघत होता. तिथे असे उभे राहणारे त्याने पुष्कळ पाहिले असावेत.

"घर बघायला आलाव व्हय?" तो म्हणाला. "कुणाचं?"

"राणू सावळ्याचं," मी म्हणालो. "नदीकडंला. शेवटचं."