जगनची सुरगाठ

जगन माझा शेजारी. करंजाड्याच्या ह्या बिल्डिंगीत आम्ही एकदमच राहायला आलो; मी पोस्टातून रिटायर होऊन डोंबिवलीहून, आणि तो विमानतळात गेलेल्या गावातून, आई-बायको-पोरीला घेऊन. ट्रेलर चालवायचा. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर उचलायचा आणि सांगतील तिथे पोचवायचा. अंगानं हा आडवा, आवाज सगळ्या जिन्याला ऐकू जाणारा, आणि सात वर्षांच्या पोरीपुढे निव्वळ मेण. मी तोंडावर सांगायची, "जगन, लाडावून ठेवलीयस तिला." तर हसायचा. "ऱ्हाऊ द्या ना काकू, एकच तर हाय." आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

माझं तोंड फटकळ, सगळ्यांना ठाऊक आहे. पण जगनबद्दल फटकन सांगून टाकता येत नाही, म्हणून सावकाश सांगते.

त्याची पोरगी प्राची. अभ्यासाला वाईट नाही हो, रोजचा होमवर्क रोज करणार. फक्त द्यायला विसरणार. बाई म्हणायच्या, वह्या टेबलावर ठेवा. सगळी पोरं ठेवायची आणि ही खिडकीतून विमानं बघत बसायची. दफ्तरातून गेलेली वही दफ्तरातूनच परत. मग डायरीत शेरा. तिची आई सुनीता कंपनीत पॅकिंगला, दमून भागून यायची, शेरा वाचायची आणि पोरीच्या पाठीत धपाटा घालायची. मी मध्ये पडले, शहाणपणा केला. तळहातावर पेनानं 'वही' असं लिहून पाठवलं. घामानं अक्षरं पुसली आणि वही आपली दफ्तरात सुखरूप.

शेवटी जगननंच तोड काढली, आणि तीही आईकडून उसनी. त्याची आई गोदूबाई. काही लक्षात ठेवायचं असलं की पदराच्या टोकाला गाठ मारणार. लसूण संपला, मारली गाठ. कोणाला निरोप द्यायचाय, मारली गाठ. काम झालं की सोडणार. जगन शाळेत असताना असाच विसरभोळा, तेव्हा ती त्याच्या सदऱ्याच्या टोकाला गाठ मारायची. तीच त्यानं प्राचीच्या रुमालाला मारली. युनिफॉर्मवर छातीशी पिनेनं लावतात ना, त्या रुमालाला. घट्ट निरगाठ नाही बरं का. सुरगाठ, एक कान बाहेर ठेवलेली. तो ओढला की सुटते. लहान बोटांना जमायला हवं ना.

नियम एकच. गाठ प्राचीनं सोडायची, आणि वही दिल्यावरच. संध्याकाळी जगन दारातून आत यायच्या आधी ओरडायचा, "दाव!" ती रुमालाचं चुरगळलेलं टोक वर धरायची. मग त्याची "शाब्बास गो बाय" तिसऱ्या मजल्यापर्यंत. जगनला पहाटे निघायचं असलं तर तो आदल्या रात्रीच गाठ मारून ठेवायचा. शेरे बंद झाले. मी मनात म्हटलं, पोस्टात आयुष्य घालवून मला जे सुचलं नाही ते ह्याला सुचलं, चला, बरं झालं.

मग ती पानं. शाळेनं सांगितलं, वेगवेगळ्या झाडांची पानं चिकटवून आणा. जगननं जिथे गाडी थांबेल तिथून पानं तोडली. उलव्याच्या रस्त्यावरची, धुळीनं माखलेली. बेसिनशी उभा राहून एकेक पान धूत होता. मी म्हटलं, "अरे, बाजारातून चित्रं आण की." तर म्हणाला, "नाय काकू, ती सांगल ना वर्गात, पप्पांनी आनली म्हनून." रात्री बापलेकींनी कागदावर पानं चिकटवली, त्यानं रुमालाला गाठ मारली आणि पहाटे निघून गेला.

बंदराच्या गेटबाहेर ट्रेलरची लाइन लागते. पुढची गाडी सरकली, जगनची सरकली नाही. मागचे हॉर्न मारत राहिले. कोणीतरी उतरून केबिनमध्ये बघितलं, तर तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलेला. झोपलाय, असं वाटलं त्यांना.

इकडे सुनीता प्राचीला रुमाल लावत होती आणि फोन वाजला. सुनीताचा जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. मी धावत गेले. पोरगी मधोमध उभी, युनिफॉर्ममध्ये, छातीशी ती गाठ. मीच तिला माझ्या घरी आणलं, युनिफॉर्म उतरवला. तिनं एवढंच विचारलं, "आज शाळा नाय?"

सुतकात तिला शाळेत पाठवलं नाही. युनिफॉर्म खुंटीला, त्यावर रुमाल, रुमालाला गाठ, दफ्तरात पानं. दहाव्याला घरातलं झाडून सगळं धुतात. चादरी, पडदे, अंगावरचे-खुंटीवरचे कपडे, काही ठेवत नाहीत. भावकीतल्या बायका आल्या होत्या, पण गोदूबाई कोणाला हात लावू देईना. मोरीत बसून स्वतः घासत होती. हाताला काम पाहिजे होतं तिला, दुसरं काय. गाठ मारलेलं कापड कोणी तसंच धूत नाही. तिनं कान ओढला, गाठ सुटली, रुमाल साबणात गेला.

शाळा सुरू झाली. दोन-चार दिवसांनी बाईंचा फोन, प्राचीनं पानांचा कागद दिलेला नाही, आम्ही मागितला तर दफ्तर धरून बसते. सुनीतानं या वेळी धपाटा नाही घातला. जवळ घेऊन विचारलं. मी तिथेच होते. पोरगी म्हणाली, "गाठ सुटली होती. मी नाय सोडली. पप्पांना वाटलं असंल मी कागद दिला. मी तर दिलाच नाय." आणि रडायला लागली. बाप गेला तेव्हा रडली नव्हती ती.

गोदूबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि कपाळावर मारून घेतलं. "मीच सोरली गो. माज्या जगनची गाठ मीच सोरली." सुनीता उठली आणि सासूला धरून बसली. मी प्राचीचा रुमाल घेतला, गाठ मारली, तर प्राची म्हणाली, "ही नाय." बरोबर होतं तिचं. मी निरगाठ मारली होती.

तेव्हा गोदूबाईनं माझ्या हातातून रुमाल घेतला. एक कान बाहेर ठेवून बेताची गाठ मारली. प्राचीनं ती निरखून बघितली, कान हळूच चाचपला. "ही पप्पांचीच," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कागद दिला तिनं. पानं वाळून त्यांचा निम्मा चुरा झाला होता. बाईंनी तो तसाच भिंतीवर लावला, असं नंतर कळलं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे भाकरी घेऊन गेले होते. प्राची आजीसमोर उभी राहिली आणि न सांगता रुमालाचं चुरगळलेलं टोक वर धरलं. "दिला आजी." गोदूबाईनं मान हलवली. पोरीनं विचारलं, "आता पप्पांना कोन सांगल?"

सुनीता तोंडाला पदर लावून आत गेली. गोदूबाईनं आपला पदर पुढे ओढला, त्याच्या टोकाला गाठ मारली, आणि नातीच्या हातात ती गाठ दिली.

"मी सांगन," ती म्हणाली. "तुज्या आदी मलाच जायाचा हाय त्याच्याकं."

ती गाठ तिनं अजून सोडलेली नाही. लुगडं बदलते तेव्हा आधी नव्या पदराला गाठ मारते, आणि मगच जुनी सोडते.