धुराच्या वरचा तारा

कुमुदताई गेल्या त्या सकाळी मी पहिला फोन दिंडोरीला, नामदेवभाऊंना केला. कळवायचे नातेवाईक पुष्कळ होते, पण हा फोन आधी व्हायला हवा असं मला वाटलं. पलीकडे बागेत फवारणीचं मशीन चालू होतं. ते बंद करून ते म्हणाले, "वहिनी, पहाटं आभाळ साफ व्हतं का तिकडं?" साफ होतं, मी सांगितलं. "मंग बरं झालं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यालाही आता दीड-दोन महिने होतील.

कुमुदताई माझ्या मोठ्या नणंद. लग्न केलं नाही, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली आणि तारे पाहिले. नोकरीची सुरुवातीची वर्षं इगतपुरीत गेली. ताऱ्यांचं वेड असलेल्या बाईला नेमकं असं गाव मिळालं, जिथे चार महिने समोरचं घर दिसण्याची मारामार! पण त्या कुरकुरल्या नाहीत. पावसाळाभर क्वार्टरमध्ये एका उपड्या पिंपावर काचेची जाड चकती ठेवून, वर दुसरी चकती आणि मध्ये ओली पूड घालून, पिंपाभोवती फिरत त्या काच घासत बसायच्या. दुर्बिणीचा आरसा घरी असाच बनतो म्हणे. मी नवी सून म्हणून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा चहाच्या आधी त्यांनी मला त्या पिंपाभोवती फिरायला लावलं. पुढे नाशिकला बदली मागितली. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तिथे आकाश आहे." साहेब हसले आणि बदली झाली! दुर्बिणीसकट त्या गंगापूर रोडला आमच्याकडे राहायला आल्या.

त्यांना चंद्र, शनी यांत फारसा रस नव्हता. त्यांचा जीव दीर्घिकांत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या पण अतिशय दूरच्या ताऱ्यांच्या प्रचंड पसाऱ्यांत. दुर्बिणीतून पाहिलं तर बोटाने पुसलेल्या खडूसारखा फिकट डाग दिसतो, बस. त्या डागात क्वचित एखादा तारा फुटतो आणि काही आठवडे असा झळकतो, की एवढ्या लांबूनही वेगळा दिसावा. तो सुपरनोव्हा. पण नवा ठिपका ओळखायचा तर आसपासचे जुने सगळे पाठ हवेत. ताईंना ते पाठ होते. एक्स्चेंजमध्ये नुसत्या 'हॅलो'वरून त्या गिऱ्हाईक ओळखायच्या, तसंच हे.

नव्वदीच्या दशकात गंगापूर रोडवर इमारती आणि दिवे वाढत गेले, आणि ताईंचे डाग दिसेनासे झाले. तेव्हा दिंडोरीचे द्राक्षबागायतदार नामदेवभाऊ कामी आले. त्यांचा फोन सारखा बंद पडायचा, ते तक्रारी करायचे, ताई पाठपुरावा करायच्या. त्यातून ओळख झाली. द्राक्षं खायला या म्हणून त्यांनी बोलावलं आणि ताई अंधार पडेपर्यंत थांबून त्यांच्या बागेवरचं आभाळ पाहून आल्या. पुढच्याच आठवड्यात दुर्बीण त्यांच्या शेडमध्ये मुक्कामाला गेली.

त्या हिवाळ्यात एकदा मीही सोबत होते. पहाटे दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या ताई एकदम मागे सरल्या, पुन्हा वाकल्या, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माया, इथे एक जास्त आहे." जास्तीचा ठिपका मधूनच जाणारा लघुग्रहही असू शकतो. तो दुसऱ्या दिवशी जागा सोडतो, तारा सोडत नाही. म्हणजे उद्याची पहाट हवीच. दिवसभर त्यांना घास गेला नाही.

आणि नेमकी त्या रात्री थंडी कडाडली. अशा वेळी द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या करून धूर करतात. आम्ही उठलो तेव्हा आसपासच्या सगळ्या बागा पेटलेल्या, आणि वर आभाळाच्या नावाने नुसता धूर. नामदेवभाऊ म्हणाले, "ताई, मी माझ्या बागेत नाय पेटवत." ताईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "वर्षाचं पीक आहे तुमचं. आधी पेटवा." आणि स्वतः पाचोळा ओढायला लागल्या. शेकोट्या धुमसू लागल्यावर भाऊंनी ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत गोधडीत गुंडाळलेली दुर्बीण, एका बाजूने ताई आणि दुसऱ्या बाजूने मी तिला मिठी मारून, असे आम्ही मागच्या टेकाडावर चढलो. धूर खाली राहिला, दुधावरच्या सायीसारखा पसरलेला. पूर्वेला फटफटायला लागलं होतं. ताईंनी गारठलेल्या हातांनी नेम धरला... आणि खुदकन हसल्या. ठिपका जागच्या जागी होता.

भाऊंच्या फोनवरून त्यांनी पुण्यातल्या एका ओळखीच्या शास्त्रज्ञांना कळवलं. संध्याकाळी त्यांचा उलट फोन आला: तारा खराच, पण परदेशात कुणीतरी आदल्याच दिवशी तो नोंदवला होता. माझं तोंड उतरलं. ताईंनी विचारलं, "म्हणजे मी बरोबर पाहिलं ना?" हो, म्हणाले ते. ताईंनी फोन ठेवला आणि भाऊंना सरळ पेढे आणायला पिटाळलं.

काही आठवड्यांनी त्याच शास्त्रज्ञांनी सांगितलं, की मोठ्या दुर्बिणींनी त्या उजेडाचे रंग वेगळे करून पाहिले, त्यात हायड्रोजनची खूण नव्हती. म्हणजे स्वतःच्या भाराने कोसळून फुटणाऱ्या अवाढव्य ताऱ्यांतला हा नव्हे. हा लहानसा, विझत आलेला तारा, जोडीदाराचं द्रव्य ओढत गेला आणि शेवटी फुटला. ताईंनी हे भाऊंना रंगवून सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे शेजाऱ्याचं खाऊन फुटला." तेव्हापासून आमच्या घरात त्या प्रकाराचं तेच नाव. पुढे इंटरनेट आलं, कुठे काही फुटलं की ताई बातमी वाचून स्वयंपाकघरात यायच्या आणि जाहीर करायच्या, "आज शेजाऱ्याचं खाणारा." एकही तारा त्यांच्या नावावर कधीच लागला नाही. त्याचं दुःख करताना मी त्यांना पाहिलं नाही. त्या पुढच्या शनिवारी पुन्हा दिंडोरीला निघालेल्या असायच्या.

परवा संध्याकाळी लोडशेडिंगमध्ये लाईट गेली. आमच्याकडे अशा वेळी मेणबत्ती लावत नाहीत. ताईंची सवय अशी, की डोळे मिटून शांत बसायचं, नजरेला अंधाराची ओळख होऊ द्यायची आणि मग गच्चीवर जायचं. आम्ही सगळे तसेच बसलो, न ठरवता. मग वर गेलो. माझे यजमान, मुलगी, शेजारच्या काकू, सगळे माना वर करून. थोड्या वेळाने लाईट आली आणि वर नुकतीच दिसू लागलेली आकाशगंगा पुसली गेली. खालच्या गल्लीतून "आली, आली" असा गलका झाला, आणि आमच्या गच्चीवरून एका सुरात आवाज निघाला, "गेली..."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि हसत सुटलो.